तळ्यात की मळ्यात?

'संक्रमण' या शब्दाचा अर्थ वर्गात समजावून सांगायला मकरसंक्रांतीसारखे सोपे उदाहरण नाही. सूर्य धनु रास सोडतो आणि मकर राशीत जातो. सोडणे आणि जाणे, दोन्ही झाले की ते संक्रमण. नव्या घरात एक पाय ठेवला आणि जुन्या घराची किल्ली कमरेलाच राहिली, तर त्याला दुसरे काहीतरी नाव शोधावे लागेल.

हे आत्ता सुचायचे कारण म्हणजे 'ऊर्जासंक्रमण' हा सध्या जिकडेतिकडे दिसणारा शब्द. माझा भाचा जर्मनीत असतो, विजेच्या यंत्रांच्याच धंद्यात आहे. त्याची ढकलपत्रे नेमाने येतात. मागे त्याने सीमेन्स एनर्जी या कंपनीवरचा एक लेख पाठवला आणि वर लिहिले, "आत्या, हे वाच. जगाच्या ऊर्जासंक्रमणाचा कणा म्हणतात तो हा." (तो स्वतः त्या कंपनीत नाही, हे नातेवाइकांसाठी आधीच सांगून ठेवते. नाहीतर फोन सुरू होतील.) मी लेख वाचला. मग आणखी वाचत गेले. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

वाचून माझे मत झाले ते असे: कंपनी मोठी आहे, तिथले इंजिनिअर हुशार आहेत, यंत्रे उत्तम आहेत, पण 'ऊर्जासंक्रमण' हा शब्द मिरवण्याचा हक्क या कंपनीने अजून कमावलेला नाही.

तुला तंत्रज्ञान काय कळते, असे भाचा म्हणणारच. बरोबर आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. टर्बाइनचे पाते कोणत्या धातूचे असते ते मला सांगता येणार नाही. पण शब्दाचा अर्थ जागेवर आहे का आणि बेरीज बरोबर आली का, हे तपासायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. जन्मभर तेच केले.

आधी कंपनीची थोडी ओळख. मूळ सीमेन्स कंपनी १८४७ साली बर्लिनमध्ये तारायंत्राच्या कामासाठी सुरू झाली. लंडन ते कलकत्ता ही तारेची लाइन तिने घातली, ती १८७० मध्ये सुरू झाली. म्हणजे आपला आणि त्यांचा संबंध जुना आहे. वीजनिर्मिती आणि वीजवहनाचा धंदा तिने २०२० साली वेगळा काढला, तीच ही सीमेन्स एनर्जी. गॅसवर चालणारी टर्बाइने, वाफेची टर्बाइने, जनित्रे, ट्रान्सफॉर्मर, हजारो मेगावॅट वीज लांबवर नेणारी यंत्रणा, पाण्यातून हायड्रोजन काढणारी यंत्रे, आणि सीमेन्स गमेसा या शाखेमार्फत पवनचक्क्या, असा सगळा बाजार एका छताखाली आहे. जगात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे एक षष्ठांश वीज आमच्या तंत्रज्ञानावर तयार होते, असे कंपनी स्वतः सांगते. सहा दिव्यांतला एक! तेव्हा ही कंपनी काय करते आणि काय करत नाही, हा काही फक्त तिच्या भागधारकांचा प्रश्न नाही.

चांगले आहे ते आधी मान्य करू. वारा आणि ऊन जिथे आहे तिथेच गाव असते असे नाही. वीज लांब न्यावी लागते. त्यासाठी उच्च दाबाचा एकदिश प्रवाह वापरतात, म्हणजे वाटेत गळती कमी होते. तमिळनाडूतल्या पुगलूरपासून केरळातल्या त्रिशूरपर्यंत अशी २,००० मेगावॅटची लाइन २०२१ मध्ये सुरू झाली. या प्रकारच्या नव्या तंत्राची ती भारतातली पहिली. सीमेन्स एनर्जी आणि जपानची सुमितोमो इलेक्ट्रिक यांनी मिळून ती बांधली. आपल्या ठाण्याजवळ कळव्याला कंपनीचा मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. ट्रान्सफॉर्मरचा फोटो कोणी कॅलेंडरवर छापत नाही, पण तो नसेल तर पवनचक्की नुसती शोभेची. हे काम मोलाचे आहे आणि ते करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता दुसरी बाजू.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले, की निव्वळ कोळशावर चालणाऱ्या नव्या वीजकेंद्रांच्या निविदा आम्ही यापुढे भरणार नाही. आधी घेतलेली कामे पुरी करू, जुन्या केंद्रांची देखभाल करू, पण नवे नाही. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. कोळसा सोडला, असे तारीख देऊन सांगितले. याला मी संक्रमण म्हणायला तयार आहे. निदान त्याची सुरुवात तरी.

त्याच वर्षीच्या जानेवारीतली एक गोष्ट मात्र याच्या शेजारी ठेवायला हवी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात अदानी समूहाची कारमायकल नावाची कोळशाची खाण होणार होती. खाणीतून बंदरापर्यंत जाणाऱ्या रेल्वेच्या सिग्नलचे काम सीमेन्सकडे होते. रक्कम सुमारे १ कोटी ८० लाख युरो, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च. जर्मनीतली तरुण मुले रस्त्यावर उतरली. तेव्हाचे प्रमुख जो केझर यांनी लुइझा नॉयबाउअर या आंदोलक मुलीला भेटायला बोलावले आणि होऊ घातलेल्या सीमेन्स एनर्जीच्या मंडळात जागा देऊ केली. तिने ती नाकारली. मंडळात बसले तर कंपनीचे हित पाहणे माझे कर्तव्य ठरेल, मग मोकळेपणी बोलायचे कसे, असा तिचा रास्त मुद्दा होता. दोनच दिवसांनी कंपनीने सांगितले, की करार झालेला आहे, आम्ही तो पाळणार. केझर पुढे सीमेन्स एनर्जीच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले.

त्या मुलीचे वय तेव्हा तेवीस होते. आमच्या पिढीत तेविसाव्या वर्षी एवढ्या मोठ्या कंपनीने खुर्ची देऊ केली असती, तर घरात पेढे वाटले असते!

असो. मुद्दा गॅसचा. कोळशाची तारीख सांगितली, गॅसची कुठे आहे? मी शोधली. मला सापडली नाही. उलट आता गॅस टर्बाइनांची मागणी एवढी वाढली आहे, की गिऱ्हाइकांना काही वर्षे रांगेत थांबावे लागते. सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे १.७ अब्ज युरो निव्वळ नफा झाला. त्याच वर्षी पवनचक्क्यांच्या शाखेला मात्र एक अब्ज युरोहून जास्त तोटा झाला. म्हणजे घर चालवतो गॅस आणि विजेच्या तारा, आणि नाव लागते वाऱ्याचे.

लहानपणी आपण 'तळ्यात-मळ्यात' खेळायचो. तळ्यात म्हटले की आत उडी, मळ्यात म्हटले की बाहेर. दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभा राहणारा गडी बाद. इथे तोच गडी कर्णधार झाला आहे.

भाच्याशी यावर बरीच पत्रापत्री झाली. त्याचे तीन युक्तिवाद मला प्रामाणिक वाटले, म्हणून ते इथे देते.

पहिला युक्तिवाद असा. जर्मनीत हिवाळ्यात असे दिवस येतात, की ऊनही नसते आणि वाराही नसतो. त्यांच्या भाषेत या दिवसांना खास शब्दच आहे. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असे दिवस आले तेव्हा बाजारात विजेचा भाव भडकला. जर्मनीने अणुवीज १५ एप्रिल २०२३ ला बंद केली, कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद करायचा कायदा आहे. मग अशा दिवसांत वीज कुठून आणायची? गॅसचे केंद्र चटकन सुरू होते, चटकन थांबते, आणि तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडते.

कबूल. घरात इन्व्हर्टर असावा, तसे वर्षाचे काही तास चालणारे गॅसकेंद्र मलाही समजते. पण आज रांगेत उभी असलेली गिऱ्हाइके कोण आहेत? त्यांतला मोठा वाटा अमेरिकेतल्या संगणकांच्या प्रचंड गोदामांना, म्हणजे डेटा सेंटरांना, वीज पुरवू पाहणाऱ्यांचा आहे. ती गोदामे दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस वीज खातात. तिथे गॅस टर्बाइन अडीअडचणीला नाही, रोजच्या जेवणाला आहे. अडचणीचे उदाहरण देऊन रोजच्या जेवणाचे समर्थन करता येत नाही. शिवाय 'निम्मा' हा आकडा धुराड्यापाशी मोजलेला. विहिरीपासून टर्बाइनपर्यंतच्या वाटेत गॅस गळतो, आणि हा गॅस म्हणजे मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो. थोडी गळतीसुद्धा ते निम्मेपण खाऊन टाकते.

दुसरा युक्तिवाद: कंपनी गिऱ्हाइकाला हवे ते बनवते. ते बनवले नाही तर दुसरी कंपनी बनवेल.

हा युक्तिवाद मी वर्गात फार ऐकला आहे. "बाई, सगळेच बोलत होते." पण इथे तो कंपनीनेच खोडून काढला आहे. २०२० मध्ये कोळशाची केंद्रे मागणारे गिऱ्हाईक नव्हते का? होते. ते काम दुसऱ्या कंपनीला मिळण्याची भीती नव्हती का? होती. तरी कंपनीने नाही म्हटले, आणि त्यामुळे ती बुडाली नाही. ज्याला एकदा नाही म्हणता आले, त्याने 'मला नाही म्हणताच येत नाही' असे पुन्हा सांगू नये.

तिसरा युक्तिवाद: गॅसच्या नफ्यावर वाऱ्याचा तोटा पोसला जातो. आज गॅस आहे म्हणून उद्या पवनचक्की असेल.

ऐकायला हे गोड वाटते. पण २०२५ च्या मार्चमध्ये काय झाले? सीमेन्स गमेसाने भारत आणि श्रीलंकेतल्या आपल्या पवनचक्क्यांच्या धंद्याचा ९० टक्के हिस्सा एका गुंतवणूकदार गटाला विकायचा करार जाहीर केला. भारतासारखा देश, जिथे विजेची भूक दरवर्षी वाढते आणि वारा भरपूर आहे, तिथून वाऱ्याचा धंदा आवरला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये भागधारकांना लाभांश द्यायचा प्रस्ताव मांडला, स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घ्यायचा कार्यक्रमही जाहीर केला. कंपनीने भागधारकांना पैसे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण एका हाताने वाऱ्याचा धंदा विकायचा, दुसऱ्या हाताने लाभांश वाटायचा, आणि तोंडाने सांगायचे की गॅसचा पैसा वाऱ्यासाठी आहे, याचा मेळ मला लागत नाही.

यावर भाच्याने शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला: "आत्या, ही टर्बाइने हायड्रोजनवर चालू शकतील. आज गॅस, उद्या हायड्रोजन." फ्रान्समध्ये सायां-स्यूर-व्हिएन इथल्या एका कागद कारखान्यात २०२३ साली कंपनीने एक टर्बाइन शंभर टक्के हायड्रोजनवर चालवून दाखवले, हे खरे आहे. इंजिनिअरांचे कौतुक करायला हवे. पण ते टर्बाइन सुमारे १२ मेगावॅटचे. मोठी यंत्रे कित्येक शे मेगावॅटची असतात, आणि त्यांच्याबद्दल सांगितले जाते ते 'इतके टक्के हायड्रोजन मिसळता येतो' एवढेच.

या टक्क्यांत एक गंमत आहे. मिसळण्याचे प्रमाण आकारमानाने सांगतात. पण हायड्रोजन फार हलका. त्याच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या साधारण एक तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून ३० टक्के हायड्रोजन मिसळला तर कार्बन डायऑक्साइड ३० टक्के कमी होत नाही, सुमारे ११ टक्के कमी होतो. ५० टक्के मिसळला तरी पाव भागसुद्धा कमी होत नाही. दुधात अर्धे पाणी घातले तर निम्मे दूध उरते हे गवळ्याला कळते. इथला हिशेब त्याहून फसवा आहे.

आणि तो हायड्रोजन आणायचा कुठून? विजेने पाण्यातून काढायचा. १०० युनिट वीज घातली तर ६५-७० युनिटांचा हायड्रोजन हाती येतो. तो साठवून उत्तम टर्बाइनमध्ये जाळला तर त्यातली साधारण ६० टक्केच ऊर्जा परत विजेत येते. म्हणजे शंभरातले चाळीस, तेही साठवण आणि वाहतुकीचा खर्च सोडून. अगदी अडीनडीच्या दिवसांसाठी हे परवडेल. डेटा सेंटरच्या रोजच्या विजेसाठी हे कोण करणार आहे? तेव्हा 'हायड्रोजनसाठी तयार' म्हणजे 'उपासाला तयार' असे ताट भरून जेवताना म्हणण्यापैकी आहे.

गॅसची यंत्रे घेतली की देश कसा बांधला जातो, हे पाहायचे असेल तर इजिप्त पाहावा. सीमेन्स कंपनीच होती तेव्हा, २०१५ साली तिने इजिप्तशी सुमारे ८ अब्ज युरोंचा करार केला. तीन अवाढव्य गॅसकेंद्रे, प्रत्येकी ४,८०० मेगावॅट, मिळून १४,४०० मेगावॅट. २४ मोठी टर्बाइने. २०१८ च्या जुलैत उद्घाटन झाले. एवढे मोठे काम एवढ्या कमी वेळात करणे हा पराक्रमच, त्यात शंका नाही. पण २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच इजिप्तमध्ये रोज ठरावीक वेळ वीज बंद ठेवायची पाळी आली. का? यंत्रे बिघडली म्हणून नाही. गॅस कमी पडला म्हणून. भारनियमन म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. आपण त्यात उन्हाळे काढले आहेत. काहिरात चाळीस अंशांच्या वर पारा असताना पंखा थांबतो, तेव्हा त्या घरातल्या म्हातारीला जगातले सर्वांत कार्यक्षम टर्बाइन आपल्या देशात आहे हे ऐकून काय वाटत असेल?

खुद्द जर्मनीचीही हीच गत झाली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाने नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा गॅस कमी केला आणि कारण दिले की आमचे एक टर्बाइन दुरुस्तीला गेले आहे. दुरुस्ती सीमेन्स एनर्जीने कॅनडात केली होती. ३ ऑगस्टला जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स म्युलहाइमच्या कारखान्यात त्या टर्बाइनशेजारी उभे राहिले आणि सांगते झाले, की यंत्र तयार आहे, तुम्ही न्या. रशियाने नेले नाही. ऑगस्टअखेर गॅस पूर्ण थांबला. यात कंपनीचा दोष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण एवढ्या मोठ्या देशाचा प्रमुख एका यंत्राशेजारी हताशपणे उभा आहे, हे चित्र मला विसरता येत नाही. वारा आणि ऊन असे रुसून बसतात ते दोन-चार दिवस. पाइपाच्या पलीकडचा माणूस रुसला की काय होते ते तेव्हा दिसले.

आता पैशाचे. २०२३ च्या जूनमध्ये सीमेन्स गमेसाच्या जमिनीवरच्या पवनचक्क्यांत दोष असल्याचे जाहीर झाले आणि कंपनीचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त कोसळला. त्या वर्षी कंपनीला साडेचार अब्ज युरोंहून अधिक तोटा झाला. बँका हमी द्यायला कचरू लागल्या. हमीशिवाय मोठी कंत्राटे मिळत नाहीत. तेव्हा नोव्हेंबरमध्ये १५ अब्ज युरोंच्या हमीची व्यवस्था झाली आणि त्यातल्या साडेसात अब्जांना जर्मन सरकार जामीन राहिले. आपल्या पैशात तेव्हाच्या दराने साठ हजार कोटींहून जास्त. हे फुकट नव्हते. सरकारने शुल्क घेतले, हमी असेपर्यंत लाभांश वाटायला बंदी घातली, आणि सरकारला प्रत्यक्ष पैसे मोजावे लागले नाहीत. २०२५ मध्ये कंपनी त्या हमीतून मुदतीआधीच मोकळी झाली. सगळे रीतसर.

पण जामीन राहणाऱ्याला एक अधिकार असतो. गावात कोणी कोणाला जामीन राहिला तर आधी विचारतो, "बाबा, दारू कधी सोडतोस ते सांग." सरकारने लाभांशाची अट घातली, गॅसची घातली नाही. जर्मनीच्याच कायद्यात २०४५ पर्यंत कार्बनच्या हिशेबात देश शून्यावर आणायचा आहे. आज मागवलेले टर्बाइन २०३० च्या सुमारास बसेल आणि तीस वर्षे तरी चालायला बसेल, म्हणजे २०६०. साठातून पंचेचाळीस वजा केले तर पंधरा वर्षे उरतात. ही पंधरा वर्षे कोणाच्या खात्यावर टाकायची? माझी नात २०६० मध्ये चाळिशी ओलांडलेली असेल. मी तर नसेनच, भाचाही तोवर निवृत्त झालेला असेल.

कंपनी म्हणते, २०३० पर्यंत आमचे स्वतःचे कामकाज कार्बनच्या दृष्टीने तटस्थ होईल. छान आहे. पण काडेपेटीच्या कारखान्यात आग लागत नाही, ती काडी जिथे ओढली जाते तिथे लागते. विकलेल्या यंत्रांच्या धुराचा हिशेब अहवालात असतो, नाही असे नाही. तो पहिल्या पानावर यायला हवा.

माझी मागणी साधी आहे. टर्बाइन बनवणे उद्या बंद करा असे मी म्हणत नाही. कोळशाची सांगितली तशी गॅसची तारीख सांगा. रोज चोवीस तास गॅस जाळण्यासाठी नवे यंत्र अमुक सालानंतर विकणार नाही, एवढे एक वाक्य. ते छापेपर्यंत अहवालात 'संक्रमण' लिहू नये, 'बेरीज' लिहावे. वारा अधिक गॅस अधिक हायड्रोजन. बेरीज हा काही वाईट शब्द नाही, फक्त त्यात काही वजा होत नाही.

भाचा हे वाचणार आहेच. त्याला गॅसची तारीख कुठे छापलेली सापडली, तर त्याने इथे खाली जरूर लिहावी. मी ती मोठ्या अक्षरात वर लावीन. बाकी वाचकांनीही आपापले मत कळवावे, माझ्या विरुद्ध असले तरी चालेल. फक्त "सगळेच बोलत होते" हे उत्तर चालणार नाही.